ठोकळ्यातील वाडगा

मेजावर ठेवण्याजोग्या लहानशा लेथवर आंब्याच्या ओल्या लाकडाचा ठोकळा चढवून त्याला अर्धगोल पटाशीची धार भिडविली, म्हणजे ढलप्यांच्या लांब पट्ट्या उडू लागतात आणि हळूहळू वाडगा प्रकट होतो. या सबंध व्यापारात बाहेरून कणभरही द्रव्य घातले जात नाही. जे होते ते केवळ वजाबाकीने होते. म्हणूनच कार्य हे उत्पत्तीपूर्वी कारणात असते की नसते, हा आपल्या दर्शनकारांचा पुरातन वाद कातारकामात विशेष स्वच्छपणे उभा राहतो.

सांख्यांचा पक्ष असा की, कार्य कारणात आधीच विद्यमान असते. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या 9 व्या कारिकेत त्यासाठी पाच हेतू दिले आहेत. त्यांपैकी ‘समर्थ कारणापासून त्याच्या आवाक्यातलेच कार्य निपजते’ हा हेतू कोणताही कातारी तत्काळ मान्य करील. सावंतवाडीच्या कारागिरांनी खेळण्यांसाठी हलका, मऊ पांगारा पसंत केला, मुसळासाठी तो कोणी घेत नाही. इतकेच नव्हे, तर ओल्या लाकडाचा वाडगा कितीही वर्तुळाकार उतरविला, तरी वाळल्यावर तो लंबगोल होतो. कारण वार्षिक वलयांच्या दिशेचे आकुंचन त्रिज्येच्या दिशेपेक्षा बहुधा दुप्पट असते. वृक्षाचा हा जुना हक्क माणसाला रद्द करता येत नाही, आणि इथवर मी सांख्यांची फिर्याद पूर्णपणे मंजूर करतो.

परंतु कार्य उत्पत्तीपूर्वी नसते असे मानणारे नैयायिक विचारतात, की वाडगा आधीच होता, तर कर्त्याच्या श्रमाचे प्रयोजन काय? ‘अभिव्यक्ती’ हे उत्तर त्यांना पुरत नाही; कारण ती अभिव्यक्तीही पूर्वी असेल तर श्रम व्यर्थ, आणि नसेल तर मूळ सिद्धान्तच ढासळला. तीळ आणि तेल या परंपरागत दृष्टांतात ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण तिळातून निघावयाचे ते एक तेलच. ठोकळ्यात मात्र वाडगा आहे, तसेच लाटणेही आहे, भोवराही आहे. आणि वाडगा पत्करला त्या क्षणी बाकीचे सारे आकार कायमचे नाहीसे होतात. नाश म्हणजे कारणात लय, असे सांख्य म्हणतात. पण जमिनीवर पडलेली ढलपी पुन्हा ठोकळ्यात जात नाही.

अनेक शक्यतांतून एकीची निवड करणे हे लाकडाचे काम नव्हे. सांख्यांप्रमाणे पुरुष, म्हणजे चेतन आत्मा, अकर्ता आहे असे मानून वाडग्याचे कर्तृत्व प्रकृतीच्या, म्हणजे जड मूलकारणाच्या, खात्यावर टाकले, तर जाड-पातळ काठाचा, पटाशीच्या एका अधीर दाबाने तडकलेल्या तळाचा जाब कोणाकडे मागावयाचा? कर्मविचाराचा सारा डोलारा ज्या उत्तरदायित्वावर उभा आहे, ते येथे निसटते, आणि ही किंमत मला फार मोठी वाटते. लाकडाच्या मर्यादांपुरता सांख्यांचा निकाल कायम ठेवूनही, प्रस्तुत वाडग्यापुरता माझा कौल नैयायिकांस आहे: तो पूर्वी नव्हता, कातणाऱ्याने तो केला, आणि त्याच्या गुणदोषांचा धनीही तोच.