पहिला नग

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक जण क्वालिटी खात्यात होता. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरून उतरलेला पहिला नग त्याच्यासमोर येई. तो गेजमध्ये नीट बसला, कागदावर सही झाली, की मगच लाइन चालू. खोट निघाली तर तो नग लाल ट्रेमध्ये. सुपरवायझरनं कितीही आवाज चढवला तरी न तपासता तो सही करत नसे.

घर बजाजनगरात, दोन खोल्यांचं. नाइट करून आला की त्याला झोप हवी, बायको शिलाई मशीनवर. चार वर्षांच्या लेकीच्या हाती मोबाइल दिला की घर शांत. असं घर वाळूजमध्ये गल्लोगल्ली सापडेल आणि थकलेल्या आईबापांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

एकदा गंगापूरकडच्या गावाहून त्याची आई आली. नातीला मांडीवर घेऊन तिनंही पडद्यावर डोळे लावले. ओळखीचं कार्टून दुसऱ्याला भलंमोठं इंजेक्शन टोचत होतं, तो किंचाळत होता. ते संपतं न संपतं तोच पुढचं आपोआप चालू. पोरीची पापणी लवत नव्हती.

संध्याकाळी आईनं विचारलं, "बाळा, कंपनीत न तपासलेला माल पुढं सोडतो का रे तू?"

"छे! नोकरी जाईल."

"मग हे लेकरू काय पाहतंय, ते कोण तपासतं? आधी आईबापानं पाहावं, मग लेकराला दाखवावं."

तो गप्प झाला. पुढचा व्हिडिओ कोणता, हे यंत्र ठरवत होतं, आणि नजर खिळवून ठेवण्यापलीकडं त्याला काही ठाऊक नव्हतं.

त्यानं आपोआप चालू होणं बंद केलं. यूट्यूब किड्समध्ये आपण निवडलेलंच दिसेल अशी सोय असते, ती लावली. या वयाला दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते. तेवढंच ठरलं. कँटीनमध्ये सांगलीकडच्या एका सोबत्यानं मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथं 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा होतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मग यानंही जेवताना स्वतःचा फोन कपाटावर ठेवायला सुरुवात केली.

पोरगी आधी खूप रडली. बायको म्हणाली, "तुमची नाइट असली की शेजारी बसणार कोण?" ठरलं, बसायला कुणी नसेल त्या दिवशी मोबाइल नाही. आता पोरगी मशीनखालच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावते आणि हे कापड कुणाचं, ते कुणाचं, विचारून आईला भंडावून सोडते.