जुन्या सायकलीची खरी किंमत

इटलीमध्ये कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात गिझाल्लो नावाची खिंड आहे. तिच्या माथ्यावर पवित्र मरियेचे एक छोटेसे चॅपेल आहे. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप पायस बारावे ह्यांनी गिझाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. त्या चॅपेलच्या भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत. जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी ह्या नामवंत विजेत्यांच्या सायकली तिथे आहेत. आणि १९९५ साली टूर द फ्रान्स शर्यतीत उतारावर पडून मरण पावलेल्या फाबिओ कासार्तेल्ली ह्या तरुणाची वाकलेली, मोडलेली सायकलही तिथेच आहे. ती कोणी सरळ केलेली नाही, रंगवलेली नाही.

बार्ताली-कोप्पींच्या जमान्यातील पोलादी शर्यतीच्या सायकली आज युरोपात लोक हौसेने विकत घेतात आणि दुरुस्त करून चालवतात. इटलीच्या तोस्काना प्रांतात १९९७ पासून ‘एरोइका’ नावाची सायकलफेरी भरते. तिथे १९८७ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या सायकली घेऊनच जायचे असते. ही हौस चांगलीच म्हटली पाहिजे. आपण वस्तू वापरतो आणि टाकून देतो. पोलादाची सायकल मात्र दुरुस्तीला दाद देते. फ्रेमची एखादी नळी खराब झाली तर कुशल कारागीर झाळ वितळवून ती काढतो व नवी बसवतो. छर्रे बदलावेत, ग्रीस भरावे, चेन नवी घालावी. सीटची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत गंजून घट्ट बसली असेल, तर रोज थोडे तेल सोडून दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. घाई केली की नळी फाटते. धीर शिकवणारे हे काम आहे.

परंतु ह्या हौसेत दोन ठिकाणी आपली परीक्षा होते: सायकल घेताना आणि ती विकताना.

समजा, इंग्लंडमधील एका गावात एक विधवा बाई पतीची जुनी सायकल वीस पौंडांना विकायला काढते. तिच्या लेखी ते अडगळीतले लोखंड आहे. घेणारा जाणकार आहे. सीटच्या दांडीची जाडी २७.२ मिलिमीटर आहे हे तो पाहतो, पुसट झालेली ‘५३१’ ही अक्षरे त्याला दिसतात, आणि तो ओळखतो की ह्या नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या, टोकांना जाड व मध्ये पातळ अशा उत्तम पोलादाच्या आहेत. सायकलीचे तीनशे पौंड सहज येतील. त्याने काय करावे? वीस पौंड देऊन गप्प निघून जावे काय?

बहुतेक जण म्हणतील, “त्यात काय चुकले? तिने मागितले ते त्याने दिले. त्याचे ज्ञान ही त्याची कमाई आहे.” हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचा एक मुद्दा वाचला होता, तो इथे आठवतो. विकणारा सोन्याला पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे व घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे, असे ते सांगतात. त्यांच्याही कितीतरी आधी संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या माहितीतल्या एका माणसाविषयी लिहून ठेवले आहे. त्याच्याकडे एक ग्रंथ विकायला आला. विकणाऱ्याला त्याचे मोल कळत नव्हते. ह्या माणसाने न मागता योग्य ती मोठी किंमत दिली.

आपल्या ज्ञानाचा आणि श्रमाचा मोबदला आपण अवश्य घ्यावा. दुरुस्तीत घालवलेल्या संध्याकाळींना किंमत आहेच. पण दुसऱ्याचे अज्ञान ही आपली मिळकत नव्हे. त्या जाणकाराने बाईला खरे सांगावे. ते ऐकूनही ती म्हणाली, “राहू दे, तू ती चालवशील ह्यातच मला समाधान आहे,” तर ते तिचे दान आहे. न सांगता घेतले तर तिला दान करण्याची संधीही आपण नाकारली.

आता दुसरी परीक्षा. सायकल कधीतरी समोरून आदळलेली असेल तर हँडलच्या नळीमागे, खालच्या नळीच्या पोटाला बारीक सुरकुती पडते. बोट फिरवले की ती जाणवते. नव्या रंगाचा जाड थर दिला की ती झाकून जाते आणि सायकल नव्यासारखी चमकते. पण पुढे उतारावर जिवाला धोका होतो तो विकत घेणाऱ्याच्या. ह्याबाबतही संत थॉमस स्पष्ट आहेत: डोळ्यांना दिसणारा दोष सांगितलाच पाहिजे असे नाही, मात्र लपलेला आणि अपाय करणारा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा चपळ म्हणून विकता येत नाही आणि पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकता येत नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे लोक इटालियन सायकल विकत घेतील. पण शेजाऱ्याच्या वाडीजवळून रस्ता जाणार आहे हे आपल्याला आधी कळते आणि त्याला कळलेले नसते. आजीचा जुना हंडा भंगाराच्या भावात मागितला जातो. अपघात झालेली मोटारसायकल रंग मारून विकली जाते. अशा वेळी आपण गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला व्यवहार म्हणतो. पुढच्या वेळी आपल्याला जे ठाऊक आहे, ते समोरच्याला पैसे मोजण्याआधी सांगू या. गिझाल्लोच्या भिंतीवर ती वाकलेली सायकल आहे तशीच टांगलेली आहे. मातेच्या घरात तिला रंग लावण्याची गरज कोणालाही वाटली नाही.