विसावा कोणाचा?

आमच्या नवी मुंबईतील धर्मग्रामातले एक दांपत्य ओमानमध्ये, मस्कत येथे, अध्यापन करते. सुट्टीत नेरुळच्या घरी आल्यावर उभयता मला भेटावयास आली. सोबत छायाचित्रे होती. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत कुरुमच्या समुद्रकिनाऱ्यावर काढलेली. जवळच तिवरांचे राखीव वन आहे, आपल्या खाडीची आठवण करून देणारे. पती गुडघाभर पाण्यात, मुले वाळूचा किल्ला रचण्यात दंग, आणि बाई चक्क रिकाम्या हातांनी बसलेल्या. मांडीवर तपासायच्या वह्या नाहीत. वर्षभर इतरांची मुले शिकविणाऱ्या आईबापांना स्वतःच्या मुलांसाठी दोन दिवस लाभावेत, यात गैर ते काय?

मग बाईच म्हणाल्या, "फादर, कडेला पाहा."

प्रत्येक छायाचित्राच्या कडेला त्यांच्या घरी कामाला असलेली तरुणी होती. एकात तिच्या कडेवर धाकटे मूल, दुसऱ्यात हातांत टॉवेल, तिसऱ्यात ती चपला राखीत बसलेली. तीही कॅथलिक, केरळची. शुक्रवार हा तेथील सुट्टीचा वार असल्यामुळे रविवारची मिस्सा तेथे शुक्रवारीही अर्पण केली जाते. त्या शुक्रवारी रुवीच्या चर्चमध्ये जाऊ द्यावे, अशी तिने विनंती केली होती. "आम्ही म्हटलं, चल आमच्याबरोबर, तुलाही समुद्र दिसेल." केरळच्या मुलीला समुद्र!

दुष्टपणा यात कुठेच नव्हता. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील विश्रांतीची आज्ञा पुत्र, कन्या, दास, दासी, जनावरे आणि वेशीच्या आतला उपरी अशा सर्वांची गणना करते. (पत्नीचा उल्लेख नाही. 'तू' या शब्दात ती आलीच, असे भाष्यकार म्हणतात. रविवारी दुपारी त्यांनी आमच्या घरांतली स्वयंपाकघरे पाहावीत.) या आज्ञेप्रमाणे दासीला सोबत नेऊन भागत नाही, तिला मोकळे सोडावे लागते. ज्या वेळेत कुणीही हाक मारू शकते, ती वेळ समुद्रकाठची असली तरी कामाचीच.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ लढ्यानंतर. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांचे म्हणणे होते. गिरणी एक दिवस बंद ठेवता येते. घर बंद ठेवता येत नाही. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार व्हायला २०११ साल उजाडले. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही.

"आम्हीही तिथे उपरेच," पती हळूच म्हणाले. "नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो." मिसरातील दास्याची आठवण ठेवा, हेच कारण अनुवादाच्या पुस्तकात याच आज्ञेला जोडले आहे. मी ते त्यांना सांगणार होतो. पण जेवणाची वेळ झाली.

रविवार होता. आमचा आचारी पहाटेच्या मिस्सेत मागे उभा राहून जो स्वयंपाकघरात शिरला, तो पाहुण्यांमुळे अजून तिथेच होता. "तुझी सुट्टी कधी असते रे?" मी प्रथमच विचारले.

"जेवून घ्या फादर," तो म्हणाला, "गार होईल."