तो आवाज काय म्हणतो?

मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीत एक प्रश्न ठरलेला असतो. आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? पेशंट ‘हो’ म्हणाला की डॉक्टरांच्या मनात बहुधा पहिलं नाव येतं ते स्किझोफ्रेनियाचं. पुढचे प्रश्न त्याच अंगाने जातात आणि औषधंही त्याच वळणाची लिहिली जातात. पण ‘हो’ म्हणणाऱ्यांमध्ये असाही एक गट आहे, ज्याचं या उत्तराने दोन्हीकडून नुकसान होतं. हा गट बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्यांचा.

या विकारात भावना एकदम उसळतात आणि लवकर ओसरत नाहीत. जवळचं माणूस सोडून जाईल ही धास्ती कायमची. काल ज्याला देव मानलं तो आज वैरी वाटतो. आत एक पोकळी असते आणि ती असह्य झाली की अनेक जण स्वतःच्या हातावर ब्लेड चालवतात. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. यांच्यातल्या बऱ्याच जणांना आवाज ऐकू येतात, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांनी फार काळ तळटीपेत ठेवली. वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आढळलं आहे. म्हणजे हा अपवाद नव्हे.

नुकसान कसं होतं, तेही पाहू. काही जणांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं गोळ्या वाढत राहतात. वजन वाढतं, झोप वाढते, आवाज आहे तिथेच असतो. बाकीच्यांना ऐकवलं जातं की हे खरे भास नव्हेत, लक्ष वेधून घ्यायला चाललंय सगळं. घरचे म्हणतात, ‘नाटकं करते’. तज्ज्ञ तेच जरा सभ्य भाषेत म्हणतात. मला हा दुसरा प्रकार अधिक क्रूर वाटतो. चुकीच्या निदानात निदान त्रास होतोय एवढं तरी मान्य केलेलं असतं.

या गोंधळाची मुळं जुनी आहेत. कुर्त श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या ‘प्रथम श्रेणी’च्या लक्षणांची यादी केली. माणसाच्या प्रत्येक कृतीवर टिप्पणी करणारा आवाज आणि आपसात वाद घालणारे दोन आवाज ही त्यांतली ठळक लक्षणं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने ती इतकी मनावर घेतली, की कित्येक वर्षं असा एकच आवाज लक्षणांचा मुख्य निकष पुरा करायला पुरेसा मानला जाई. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत हा खास दर्जा काढून घेण्यात आला. पुस्तिका बदलली, पण पुस्तिकेवर पोसलेली सवय एवढ्या लवकर बदलत नाही.

उरलेली अडचण ‘आभासी भास’ या कल्पनेने निर्माण केली. खरा भास बाहेरून, कानांनी ऐकू येतो आणि माणसाला तो खराच वाटतो. आवाज डोक्याच्या आतून येत असेल, किंवा हा आपल्याच मनाचा खेळ आहे हे पेशंटला कळत असेल, तर तो खालच्या प्रतीचा, अशी ही वाटणी. बॉर्डरलाइन पेशंटचे आवाज सरसकट या खालच्या कप्प्यात टाकले गेले. मग २०१२ साली क्रिस्टीना स्लोतेमा आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी ते आवाज स्किझोफ्रेनियातल्या आवाजांच्या शेजारी ठेवून मोजले. किती वेळा येतात, किती मोठ्याने येतात, कुठून येतात, माणूस किती पिडला जातो, अशा बहुतेक बाबतींत दोन्ही गट सारखेच निघाले. बॉर्डरलाइन गटात सरासरी १८ वर्षं आवाज येत होते. या विकाराच्या निकषांमध्ये ‘क्षणिक, ताणाशी निगडित’ असे शब्द आहेत. अठरा वर्षांना क्षणिक कसं म्हणायचं?

दोन आजारांत फरकच नाही, असं मात्र नाही. बॉर्डरलाइन विकारात विचारांची साखळी सहसा तुटत नाही. चेहरा कोरा पडत नाही, उलट भावनांचा पूर असतो. आपल्याविरुद्ध कट शिजतोय असा वर्षानुवर्षं पक्का बसलेला समजही कमी दिसतो. चांगला डॉक्टर फरक या बाकीच्या चित्रावरून करतो. एकट्या आवाजावरून तो करता येत नाही. आवाजावरून वेड ठरवायचं म्हटलं तर वेल्समधले कित्येक विधवा-विधुर वेडे ठरतील: १९७१ साली डेवी रीस या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांनी तिथल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं तेव्हा जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार कोणत्या ना कोणत्या रूपात जाणवत होता. काहींना त्याचा आवाजही ऐकू येई. बहुतेकांनी ते तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं.

बॉर्डरलाइन पेशंटचा आवाज बहुतेक वेळा मायेचा नसतो. तू घाण आहेस, तुझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, मर एकदाची. यांतल्या अनेकांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा रोजची मानहानी असते, आणि आवाजाची भाषा त्या दिवसांची असते. असह्य प्रसंगात मन स्वतःपासून तुटून बाजूला होतं. त्या तुटलेल्या तुकड्याला पुढे स्वतःचा सूर फुटतो, असं आज बरेच अभ्यासक मानतात. (म्हणून प्रत्येक आवाजामागे घरातला गुन्हेगार शोधायचा उद्योगही करू नये. त्याने काही कुटुंबं विनाकारण पोळली आहेत.) आवाज कधी चढतो ते पाहिलं तर बरंच कळतं: भांडणानंतर, फोन उचलला गेला नाही तेव्हा, जागरणानंतर, घरात एकटं असताना.

आपल्याकडे हे सगळं डॉक्टरच्या आधी बहुधा देवऋषीकडे जातं. ‘बाहेरचं झालंय’ हे निदान घरातच होतं. तिथे पुढे काय चालतं हे सांगायला नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी लिहावे लागले, यातच सगळं आलं. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. देवऋषी पहिल्यांदा विचारतो, ‘कोण बोलतंय? काय पाहिजे?’ त्याचं उत्तर घातक असतं, प्रश्न मात्र बरोबर असतो. आणि नेमका हाच प्रश्न दवाखान्यात कुणी विचारत नाही. तिथे आवाज आहे की नाही एवढंच नोंदवलं जातं. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका पेशंटच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात, तिथे डॉक्टरला तरी किती दोष द्यायचा?

‘कोण बोलतंय?’ हा प्रश्न वैद्यकात आणला तो पेशंटांनीच. नेदरलँड्समधल्या पॅट्सी हेग यांनी आपले डॉक्टर मारियस रोम यांना सुनावलं, की न दिसणाऱ्या देवावर तुम्ही विश्वास ठेवता, मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही? रोम निरुत्तर झाले, आणि पुढे त्यांनी केलं ते दुर्मीळ आहे. १९८७ साली हेग यांना घेऊन ते दूरदर्शनच्या कार्यक्रमात गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांनी कळवावं असं आवाहन केलं. सुमारे ४५० जणांनी कळवलं. त्यांतले साधारण दीडशे जण आवाजांसह नीट जगत होते. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांचे गट उभे राहिले, आज ते अनेक देशांत आहेत. इंग्लंडमध्ये पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड यांनी १९९४ साली दाखवलं, की माणूस किती खचतो हे आवाज काय बोलतो यापेक्षा त्या आवाजाला तो किती शक्तिमान आणि किती दुष्ट समजतो यावर अधिक ठरतं. उपचाराला हात घालायची जागा इथे सापडते. ‘मर’ म्हणणाऱ्या आवाजाची आज्ञा मोडून पाहिली आणि काही झालं नाही, की त्याची सत्ता थोडी ढिली पडते.

औषधांचं काय? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून औषध देऊ नये, आणि भासांवरच्या औषधांचा मध्यम किंवा दीर्घ मुदतीचा वापर करू नये. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याची औषधं द्यावीत. मला ही भूमिका थोडी कडक वाटते. काही पेशंटना छोट्या डोसने आवाज मंद झाल्याचा अनुभव येतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मुख्य भार बोलण्याच्या उपचारावरच हवा, हे खरं.

बोलण्याच्या उपचारांतला सर्वांत नावाजलेला उपचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांचा, डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी). आठवड्याला एक वैयक्तिक भेट, भावनांचा पूर ओसरेपर्यंत टिकून राहण्याची कौशल्यं शिकवणारा गट, आणि अडचणीच्या वेळी थेरपिस्टला फोन. २०११ साली लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं, की १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल होत्या. निदान स्किझोफ्रेनियाचं झालं होतं. गोळ्या, शॉक, एकांत कोठडी, सगळं झालं. त्यांच्या मते खरं निदान बॉर्डरलाइनचं असायला हवं होतं. या विकारातल्या आवाजांवर मानसोपचारांचे अभ्यास आजही तुटपुंजे आहेत, त्यामुळे डीबीटीने आवाज थांबतात असा दावा कुणी करू नये. भावनेचा ताप उतरला की आवाजाचा जोरही उतरतो, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

घरात कुणाला असे आवाज येत असतील तर खरे-खोटे करत बसू नका. काय म्हणतो, कधी येतो, कुणासारखा वाटतो, हे शांतपणे विचारा आणि वहीत लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि आवाज जीव द्यायला किंवा कुणाला इजा करायला सांगत असेल, तर उद्यावर ढकलू नका. माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.