एकांत: साधन की साध्य?

माणसांपासून दूर, डोंगर-दऱ्यांत किंवा अरण्यात एकट्याने जाणे ही भारतीय धर्मपरंपरांतील फार जुनी साधना आहे. आज पुण्याहून गाडी काढून नाणेघाट, सांदण दरी किंवा थेट थरच्या वाळवंटाकडे एकटे निघणाऱ्यांचा हेतू बहुधा धार्मिक नसतो. तरीही या प्रवासातून मनाला काहीतरी गवसेल, ही अपेक्षा साधकाच्या अपेक्षेसारखीच असते. त्यामुळे प्रश्नही तोच उरतो: निर्जन जागा माणसाला बदलते का, की बदलाला फक्त वाव देते?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू बृहदारण्यक उपनिषदात एकाच प्रसंगात येतात. आरंभी एकटाच असलेला आत्मा घाबरतो. मग, आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही तर भ्यायचे कोणाला, असा विचार करून तो निर्भय होतो. पण एकट्याला करमत नाही, म्हणून तो दुसऱ्याची इच्छा करतो. एकटेपण भय घालवते, आनंद मात्र देत नाही, असा या कथेचा निष्कर्ष निघतो. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकांतात एकाकी राहावे असे सांगितले आहे, आणि तेराव्या अध्यायात एकांतवासाची आवड ज्ञानाच्या लक्षणांत गणली आहे. सहाव्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानेश्वर योगाभ्यासाच्या जागेचे सविस्तर वर्णन करतात. ती जागा अशी की विलासी माणसालाही राज्य सोडून तिथेच राहावेसे वाटावे. स्थळाचे सामर्थ्य ज्ञानेश्वरीला मान्य आहे.

पाली ग्रंथांत याची दुसरी बाजू स्पष्ट होते. संयुत्तनिकायातील मिगजाल सुत्तात बुद्ध सांगतात की, तृष्णा बाळगणारा भिक्षू घनदाट अरण्यात राहिला तरी तो एकटा नसतो. तृष्णा हीच त्याची सोबतीण असते. उलट, तृष्णा सुटलेला भिक्षू गावात, राजे आणि लोक यांच्या गर्दीत असला तरी एकटाच असतो. एकांताची कसोटी इथे स्थळावरून मनाकडे वळते.

पुणे परिसरातील लेण्यांतून एकांताची व्यावहारिक बाजू दिसते. कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नरची लेणी डोंगरात कोरलेली असली, तरी ती कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांपासून दूर नाहीत. भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी वर्षावास करण्याची सोय तिथे होती, आणि भिक्षेसाठी जवळ वस्ती लागत असे. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन दाते म्हणून येतात. म्हणजे शांततेत बसण्याची ती जागा व्यापाऱ्यांच्या दानातून घडली. पूर्ण निःसंग एकांतालाही समाजाचा आधार लागतो.

तेराव्या शतकातील महानुभाव पंथाने हा आधार कमीत कमी ठेवण्याचा प्रयत्न केला. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात पंथप्रवर्तक चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या काळाला ‘एकांक’ असे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अनुयायांसाठी चक्रधरांनी अटन, म्हणजे सतत फिरस्तीचा आचार घालून दिला: अनोळखी प्रदेश, भिक्षा आणि झाडाखाली मुक्काम. इथे प्रवास हीच साधना झाली. ओळखी जमू न देणे आणि ‘माझे’ म्हणावे असे ठिकाण न उरणे, हा त्यामागचा हेतू होता. नवे प्रदेश पाहण्याच्या हौशीला त्यात जागा नव्हती.

वारकरी परंपरेने वेगळा मार्ग घेतला. देहूजवळचा भंडारा आणि चाकणजवळचा भामचंद्र हे डोंगर तुकारामांच्या चिंतनाची ठिकाणे मानले जातात. झाडावेलींना सोयरे मानणाऱ्या त्यांच्या अभंगाचा शेवट मनाने स्वतःशीच केलेल्या संवादाने होतो. मात्र तुकाराम डोंगरावर राहिले नाहीत. ते देहूत परतले, संसारात आणि कीर्तनात राहिले. एकांत हे त्यांच्या साधनेतले एक अंग आहे, सगळी साधना नव्हे. वारकरी परंपरेबाहेरच्या रामदासांच्या जीवनाचा क्रमही असाच सांगितला जातो: टाकळीची तपश्चर्या, मग बारा वर्षांचे तीर्थाटन, आणि 1644 नंतर कृष्णाकाठी लोकांत काम. एकांत आणि लोकसंग्रह यांची सांगड त्यांच्या शिकवणीत सतत दिसते.

एकांत म्हणजे सगळी साधना नव्हे, या भूमिकेची कठोर बाजू चांगदेवांची कथा मांडते. चौदाशे वर्षे योगसाधना केलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र कसे लिहावे हे सुचेना, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीचा, मुक्ताबाईचा शेरा प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या आणि मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू झाल्या. दीर्घ तपाने जे साधले नाही, ते एका मुलीच्या बोलाने साधले, असा या कथेचा रोख आहे.

हाच वाद ख्रिस्ती परंपरेतही झाला. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात अँथनीसारखे साधक एकाकी राहू लागले. चौथ्या शतकातील बिशप बेसिल यांनी त्यावर आक्षेप घेतला की, एकटा राहणारा माणूस कोणाचे पाय धुणार? सेवा आणि नम्रता या गुणांना दुसरा माणूस लागतो. मौन आणि चिंतन यांना मात्र तो अडथळा ठरू शकतो, हे वाळवंटातील साधकांचे म्हणणे होते.

या सगळ्या मतांतून एकांताबद्दल तीन निष्कर्ष निघतात. पहिला, स्थळ मनाला अनुकूल करते, पण मनाचे काम स्वतः करत नाही. दुसरा, एकट्याच्या प्रवासात रस्ता, पाणी, वाटाड्या आणि गाव यांच्या रूपाने इतर माणसे असतातच. त्यांचे ऋण नाकारून घेतलेला एकांत म्हणजे निव्वळ स्वावलंबनाचा आभास. तिसरा, तृष्णा सोबत असेल तर निर्जन दरीतही माणूस एकटा होत नाही. दृश्य टिपून ते इतरांना दाखवण्याची घाई ही या तृष्णेचीच आजची जात आहे. संन्यासमार्गात एकांत आयुष्यभराचा असतो, संतपरंपरेत तो येण्याजाण्याचा असतो. दोन्हींत त्याची किंमत किती दूर गेले यावर ठरत नाही, तर परतल्यावर किंवा न परतताही माणसाच्या वागण्यात काय उतरले यावर ठरते.