प्रबंध कोणाचा?

गेल्या वर्षीं चिंचपाड्याची एक विद्यार्थिनी आमच्याकडे सल्ला विचारण्यास आली होती. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांतील हें गांव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. तेथील मिशनचें रुग्णालय आसपासच्या पाड्यांच्या परिचयाचें आहे. ही मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली आणि त्याच भागांतील एका प्रयोगशाळेंत रोग्यांची थुंकी तपासण्याचें काम करूं लागली. पुढें वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रांत पीएच्. डी. करण्याची संधि तिला आली. विषय होता, औषधांना दाद न देणारा क्षय. घरीं सर्वांना आनंद झाला, पण आईनें एकच विचारलें, "पांच वर्षं तूं तिकडं बाटल्यांत बघशील, इथं खोकणाऱ्याचं कोण बघेल?" या प्रश्नाला तिला उत्तर सुचेना, म्हणून ती आमच्याकडे आली, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाहि तें तत्काळ सुचलें नाहीं.

आम्ही साहित्याचे अध्यापक. आमचाहि एक प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयांत धूळ खात पडलेला आहे. त्यांतील सिद्धांत उद्यां सपशेल चुकीचा ठरला, तरी कोणाचा ताप त्यामुळें वाढणार नाहीं. या मुलीच्या प्रबंधाची गोष्ट निराळी. तिची सामग्री दुसऱ्याच्या फुप्फुसांतून आलेली असते. तेव्हां ज्ञान हें केवळ ज्ञानासाठीं, असें जें सूत्र आम्ही वर्गांत मोठ्या तोऱ्यानें सांगतों, तें येथें पुरें पडत नाहीं.

मग आईचा पक्षच खरा मानावा काय? तोहि पुरता खरा नाहीं. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं क्षयाचा जंतु दिसतो. पण कोणत्या औषधानें तो मरेल हें तेथें दिसत नाहीं. त्यासाठीं तो वाढवून पाहावा लागतो. आंतड्यांतील कित्येक जंतु अनुकूल स्थितींत वीस-एक मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला सुमारें एक दिवस लागतो. म्हणून त्याची वाढ पाहण्यांत आठवडे जातात, आणि तोंवर निरुपयोगी औषध घेणारा रोगी घरच्यांतच खोकत राहतो. आज जनुकांच्या परीक्षेनें प्रमुख औषधाविषयींचें उत्तर कांहीं तासांत मिळूं शकतें. ही परीक्षा आकाशांतून पडलेली नाहीं. तिच्यामागें अनेकांनीं वर्षानुवर्षें "बाटल्यांत पाहणें" आहे.

नवापूरकरांना तर याचें स्मरण करून देण्याची गरज नाहीं. २००६ च्या आरंभीं त्या तालुक्यांत कोंबड्या पटापट मरूं लागल्या. प्रथम तो नेहमींचा राणीखेत रोग असावा असें वाटलें. भोपाळच्या प्रयोगशाळेनें नमुने तपासल्यावर फेब्रुवारींत कळलें कीं, हा पक्ष्यांचा एच-पांच-एन-एक इन्फ्लुएंझा असून भारतांत तो प्रथमच आढळला आहे. लाखों कोंबड्या नष्ट करण्यांत आल्या आणि अनेक कुटुंबांचा धंदा बसला. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेकडे गेले; कोणालाहि लागण झालेली नव्हती. हें अभयवचन देणारीं माणसें एका रात्रींत तयार झालीं नव्हतीं. संकट नसतांना ज्यांनीं अभ्यास केला, त्यांचाच शब्द संकटांत उपयोगीं पडला.

तथापि या चित्राला दुसरी बाजूहि आहे. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां वाल्देमार हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःला टोचून घेतली. या धैर्याची कथा सर्वांनीं ऐकलेली असते. पण त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर लसीची परीक्षा झाली. टोचून घेतलेल्यांपेक्षां न टोचलेल्यांत प्लेग व मृत्यु अधिक झाले, आणि या दोहोंमधील अंतर हाच लसीचा पुरावा ठरला. कैदी स्वेच्छेनें पुढें आले होते असें सांगतात. परंतु तुरुंगांतील माणसाची इच्छा कितपत मोकळी असते? १९२५ पासून परळच्या संस्थेला हाफकीन यांचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे. मात्र ज्यांच्या देहानें पुरावा दिला, त्यांचें स्मरण कोण करतो?

आमच्या मतें खरा प्रश्न हाच आहे. संशोधन करावें कीं सेवा, हा वाद गौण होय. पाड्यावरच्या रोग्याची थुंकी नळींत जाते, नळीवर क्रमांक पडतो, आणि क्रमांकाबरोबर माणूस नाहींसा होतो. ज्ञान घेणाऱ्यानें तें ऋण समजूनच घेतलें पाहिजे. म्हणून आम्हीं तिला दोन गोष्टी सांगितल्या. नमुन्यांतील जंतु औषधाला दाद देत नाहीं असें कळतांच, रीतसर खातरी करून, तें उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवावें. निबंध छापून येईपर्यंत थांबूं नये. आणि काम पुरें झाल्यावर त्यांतून काय निघालें, किंवा कांहींच निघालें नाहीं, तें त्या पाड्यांवर जाऊन त्यांच्याच बोलींत सांगावें.

तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "हें सगळं करीन, सर. पण माझ्या स्टुलावर कोण बसेल?"

याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. विद्यार्थी वरच्या पदवीला गेला कीं आम्ही त्याचा सत्कार करतों. त्यानें मागें सोडलेली जागा भरली कीं रिकामीच राहिली, याची चौकशी आम्हीं आजवर केली नाहीं. तिनें मात्र दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि शेजारच्या गांवांतील एका मुलीला थुंकीची तपासणी शिकविली. ती मुलगी आतां त्या जागेवर काम करते. आईच्या प्रश्नाचें उत्तर अखेर लेकीनेंच दिलें. आम्हीं केवळ शिफारसपत्रावर सही केली.