गोड आवाज, खरा आवाज

एखादी गोष्ट आपल्याला आवडते, पण ती पूर्ण खरी नाही हेही आपल्याला माहीत असतं. अशा वेळी काय करायचं? हा प्रश्न फिल्टर लावलेल्या फोटोबद्दल विचारता येतो, जुन्या आठवणींबद्दल विचारता येतो, नात्यांबद्दल तर येतोच. माझ्यापुढे तो एका अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्याशा बटणाच्या रूपात आला.

गेल्या पावसाळ्यात मी व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं किट जोडलं. व्हॉल्व्ह म्हणजे तेच, ज्यांच्यामुळे आजोबांचा रेडिओ लावल्या लावल्या बोलत नसे, आधी तापायला वेळ घेई. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्ये तापणारा कॅथोड, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन आणि पलीकडे त्यांना ओढून घेणारी प्लेट. १९०६ साली ली डी फॉरेस्टनं या दोघांच्या मध्ये तारेचं एक ग्रिड बसवलं. ग्रिडवरचा व्होल्टेज किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. लहान इशाऱ्यानं मोठा प्रवाह हलवायचा, अँप्लिफायरचं काम एवढंच. पुढे १९४७ साली बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि हळूहळू व्हॉल्व्ह घराघरांतून गेले. आज इअरबडमधला अँप्लिफायर तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये मावतो आणि मोजमापात माझ्या आठ-दहा किलोच्या धुडाला सहज हरवतो.

तरीही माझ्यासारखे लोक किट मागवतात आणि रात्री जेवणं झाल्यावर सोल्डरिंग आयर्न तापवून बसतात. रेझिस्टरचे रंगीत पट्टे वाचायचे. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन डब्याच्या कोपऱ्यातून न्यायच्या, नाहीतर स्पीकरमधून सतत 'हम्म' ऐकू येतं. प्रत्येक जोड ओढून बघायचा. मला या कामाला तीन आठवडे लागले. त्यानंतर खरी गंमत सुरू झाली, ती म्हणजे अॅडजस्टमेंट.

पहिली अॅडजस्टमेंट बायसची. गाणं वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून ठरावीक प्रवाह वाहत राहावा लागतो. माझ्या किटमध्ये प्रत्येक बाजूला एक ईएल३४ व्हॉल्व्ह आहे. त्याच्या कॅथोडखाली १० ओहमचा रेझिस्टर. त्यावर मल्टिमीटर लावायचा आणि ०.६५ व्होल्ट दिसेपर्यंत छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं प्रीसेट फिरवायचा. ०.६५ भागिले १० म्हणजे ६५ मिलिअँपिअर. व्हॉल्व्हवर ३०० व्होल्ट असतील, तर ढोबळमानानं साडेएकोणीस वॉट उष्णता. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट. ती ओलांडली की प्लेट लाल दिसू लागते आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्यानं संपतं. इथे माझी आवडनिवड कोणी विचारत नाही.

तीच गोष्ट सुरक्षेची. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज साठून राहू शकतो. म्हणून आत हात घालण्याआधी मीटरनं तपासायचं. चालू सर्किटमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून धक्का बसलाच तरी प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. 'मला वाटतं बंद असेल' या वाक्याला तिथे जागा नाही. सत्य आपल्या मताची पर्वा करत नाही, हे वाक्य पुस्तकात पुष्कळदा वाचलं होतं. तीनशे व्होल्टच्या शेजारी ते फार लवकर समजतं.

दुसरी अॅडजस्टमेंट म्हणजे ते बटण. त्यावर फक्त 'फीडबॅक' लिहिलेलं आहे.

१९२० च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अनेक अँप्लिफायर लावावे लागत. प्रत्येक अँप्लिफायर आवाज वाढवताना त्यात स्वतःची थोडी भेसळ करी, आणि शेवटपर्यंत त्या भेसळीचा ढीग होई. बेल लॅब्जचा इंजिनिअर हॅरोल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीनं कामावर निघाला होता. वाटेत उत्तर सुचलं आणि त्यानं ते हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेवर लिहून काढलं. बाहेर पडलेल्या आवाजाचा छोटा हिस्सा परत आत आणायचा आणि मूळ आवाजातून वजा करायचा. अँप्लिफायरनं पदरचं जे घातलं असेल, ते अशा रीतीनं कापलं जातं. याची किंमत मोजावी लागते. अँप्लिफायरची ताकद कमी होते. खरेपणा हवा असेल तर थोडा मोठेपणा सोडावा लागतो, असा हा सौदा आहे.

माझ्या किटमध्ये हा फीडबॅक चालू किंवा बंद करता येतो. बंद केला की व्हॉल्व्ह आपली भेसळ मोकळेपणानं करतो. माझ्या प्रकारच्या सर्किटमध्ये ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. म्हणजे गायकानं सा लावला, तर त्याच्यामागे अगदी हलका तार सा मिसळतो. कानाला हे बेसूर लागत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. बास थोडा सैल होतो, पण सारंगी, बासरी, माणसाचा आवाज यांना एक ऊब येते. लोक याच उबेच्या प्रेमात पडतात.

ही फसवणूक आहे का?

बचावासाठी मी बरेच दिवस तानपुऱ्याचं उदाहरण देत असे. मिरजेत तानपुरे बनवणारे कारागीर घोडीची जवारी काढतात, वादक तारेखाली दोरा सरकवून ती लावतो. कशासाठी? साध्या तारेच्या आवाजात हार्मोनिक फुलावेत म्हणून. त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. मग माझ्या व्हॉल्व्हनं काय पाप केलं?

पण एका गाणाऱ्या मैत्रिणीनं हा युक्तिवाद दोन वाक्यांत मोडीत काढला. "तानपुरा वाद्य आहे, तुझा डबा निरोप्या आहे. मी दोरा कुठे ठेवायचा ते ठरवून गायले, त्यावर तुझा दोरा कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मात्र निरोप्यानं निरोप कोणाला आणि कशासाठी द्यायचा आहे, यावर काही अवलंबून असतं का, हा विचार तिथून सुरू झाला.

त्याआधी एक प्रामाणिक चाचणी करायची होती. फीडबॅक बंद केला की ताकद वाढते, म्हणून आवाज मोठा होतो. आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो. म्हणजे बटण दाबून "बघ, किती जिवंत वाजतंय!" म्हणणं हे फुकटचं समाधान. मी एकच स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, दोन्ही वेळचा आवाज सारखा केला, आणि बायकोला माझ्या पाठीमागे बटण फिरवायला बसवलं. संथ आलापीत फरक ओळखू आला, पण अपेक्षेहून फार लहान. ढोलकी-तबल्याच्या गर्दीत तो जवळपास हरवला.

हा अनुभव नवा नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर या डिझायनरनं अमेरिकेतल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं. त्यांच्या आवडत्या महागड्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरसारखा वाजेल असा आपला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर तो बदलून दाखवणार होता. काही दिवसांच्या खटपटीनंतर त्यानं तो इतका जुळवला, की संपादकांना त्या बैठकीत फरक सांगता आला नाही. काचेतल्या केशरी उजेडात आत्मा वगैरे असतो असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मानसशास्त्रात 'आयकिया इफेक्ट' नावाची संकल्पनाही आहे: स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो. मी तीन आठवडे त्या डब्यावर वाकून बसलो होतो. त्याच्या बाबतीत मी निःपक्ष साक्षीदार असूच शकत नाही.

हे सगळं नुसतं डोक्यात राहिलं असतं, पण पुण्याहून मावसभावाचा फोन आला. पहिली नोकरी, बाजूला टाकलेले थोडे पैसे. रीलमध्ये चमकणारे व्हॉल्व्ह बघून त्याला तयार अँप्लिफायर घ्यायचा होता, साधारण दोन पगारांचा. "दादा, खरंच चांगला वाजतो ना?"

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. मला तो आवडतो, त्यामुळे ते खोटंही ठरलं नसतं. पण 'मला आवडतो' आणि 'चांगला वाजतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिल्याच्या जागी दुसरं वापरलं की त्याचे पैसे दुसरा कोणीतरी भरतो. मी त्याला सांगितलं, "मोजलंस तर तुझा साधा अँप्लिफायर जास्त खरा आहे. माझा गोड आहे. आणि माझ्या आनंदातला मोठा भाग तो जोडण्यात होता, तो तुला विकत मिळणार नाही." तो जरा हिरमुसला. मग विचारलं, "मग जोडायला शिकवशील?" पुढच्या सुट्टीत तो येतोय. सुरुवात एक हात खिशात ठेवण्यापासून करणार आहे.

गोड वाटणाऱ्या गोष्टीत मला आता पाप दिसत नाही. रात्री एकटा ऐकत असतो, तेव्हा फीडबॅक बंदच असतो. ती माझी आवड आहे, आणि मी तिला आवड म्हणतो. पण भाची तिच्या रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवते आणि विचारते, "मामा, आवाज कुठे फाटतोय का?" तेव्हा आधी उठून ते बटण चालू करतो. माझ्या डब्याची ऊब तिच्या आवाजातली खरखर झाकून टाकेल, आणि मग मी तिला जे सांगेन ते तिच्या गळ्याबद्दल नसेल. आवाज थोडा कोरडा होतो, थोडा लहानही होतो. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या आवाजातच असतं.